धुऱ्यावरच्या पाचोळ्याला काडी लावू नका



माघ-फाल्गुनात संध्याकाळी एस.टी.च्या खिडकीतून पाहा, दोन्ही अंगांनी धुरे पेटलेले दिसतात. पळस, निंब, साग, बोर यांचा गळलेला पाला आपण एका जागी ओढतो आणि काडी लावतो. वावर साफ झाले म्हणतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

पाला जळतो तेव्हा त्यातले बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत पालाश उरते, तेही चैत्राच्या वावटळीने शेजाऱ्याच्या वावरात. आणि जूनमध्ये त्याच नत्रासाठी आपण युरियाच्या गोणीमागे रांगेत उभे!

पाला ठेवला की उधई लागते, उंदीर होतात, असे म्हातारी माणसे सांगतात. ते खोटे नाही. कोरडा ढीग पडून राहिला तर उधई येतेच, म्हणून तो कुजवला पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, म्हणजे आपले नाडेपकाका, यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात पाला, माती आणि शेण यांचे थर लावून तीन-चार महिन्यांत खत करून दाखवले. एका टाक्याला शेण लागते सुमारे १०० किलो. अडचण पाण्याची. उन्हाळ्यात जिथे प्यायला नाही तिथे टाक्यात कोण ओतणार? आमचे म्हणणे, उंचवट्यावर खड्डा आत्ताच भरा, शेणकाला शिंपडा, मातीने झाका. बाकीचे काम पावसाळा करील. दिवाळीपर्यंत खत हाताला येते.

कच्चा पाला मात्र पेरणीच्या तोंडावर मातीत गाडू नका. तो कुजताना मातीतलेच नत्र ओढतो आणि पीक पिवळे पडते. शेवटच्या डवऱ्यानंतर तासांच्या मधे पसरला तर ओल धरून ठेवतो. भादव्यात पावसाने ताण दिला की तेवढाच आधार.

पऱ्हाटीची गोष्ट वेगळी. फरदडीच्या मोहाने ती उभी ठेवणे म्हणजे शेंदरी बोंडअळीला बिऱ्हाड देणे. न उमललेल्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. २०१७ साली तिने काय केले ते विसरलो नाही. पऱ्हाटी उपटा, चुलीला न्या, नाहीतर यंत्राने बारीक करून कुजवा. कवडीची बोंडे वेचून जाळा. तिथे काडी लावायला आमची हरकत नाही. बाभळीच्या काट्यांनाही नाही, अनवाणी पायांनी तेही समजते.

आता उपदेश करणाऱ्यांना एक विचारायचे आहे. ‘जाळू नका’ म्हणणे सोपे, पण एकरभर पऱ्हाटी उपटायची मजुरी कोणी मोजली? व्यापारी कापसाचा भाव बोलतो त्यात ती कुठे दिसत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातली उपटणीची मजुरी आणि बारीक करायच्या यंत्राचे भाडे कागदावर लिहून आणावे. उत्पादनखर्चाच्या मागणीत ते कलम आम्हाला घालायचे आहे.