छिद्र लहान झाले, दरी तेवढीच राहिली

नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत कुठेही फिरा, 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया' अशा पाट्या दिसतात. मोठी चीर नाही, दुखणे कमी, दोन दिवसांत घरी. पाटीवरचा दावा खोटा नाही. पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया अशा आजारांत आता बहुतेक वेळा पोट फाडावे लागत नाही. अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, एका छिद्रातून कॅमेरा जातो आणि डॉक्टर पडद्याकडे पाहून काम करतात. यालाच लॅपरोस्कोपी म्हणतात.

तंत्र चांगले आहे, याबद्दल माझा वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या तंत्राचा फायदा कोणाला झाला आणि कोणाला झाला नाही, हे आपले वैद्यकीय संशोधन मोजते का? छिद्र किती मिलिमीटरचे होते हे प्रबंधात लिहिलेले असते. ज्याच्या पोटाला छिद्र पाडले तो माणूस कोण होता, कुठून आला, किती दिवसांची मजुरी बुडवून आला, हे त्याच प्रबंधात शोधून सापडत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. 'हे महागड्या यंत्रांचे काम आहे, सरकारी दवाखान्यात कसे परवडणार?' असे सर्रास सांगितले जाते. इतिहास उलट सांगतो. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोगनिदानासाठी लॅपरोस्कोप वापरायला सुरुवात केली. देशातली पहिली लॅपरोस्कोपिक पित्ताशयाची शस्त्रक्रियासुद्धा त्यांनी १९९० मध्ये तिथेच केली. जे. जे. म्हणजे गोरगरिबांचा सरकारी दवाखाना. तंत्राची सुरुवात सरकारी खाटेवर झाली आणि पुढे त्याची भरभराट खाजगी इस्पितळांत झाली. ही वाट यंत्राने स्वतःहून धरलेली नाही. पैसा कुठे घालायचा हे ठरवणाऱ्यांनी ती पाडली.

मग खेड्यापाड्यांत दुर्बीण पोहोचलीच नाही का? पोहोचली. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत पोहोचली. बाईची नसबंदी करायची तेव्हा सरकारला दुर्बीणही मिळाली, डॉक्टरही मिळाला आणि गाडीही मिळाली. त्याच बाईच्या पित्ताशयात खडे झाले तेव्हा मात्र 'जिल्ह्याला जा' असे सांगितले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ महिलांची लॅपरोस्कोपिक नसबंदी केली. त्या भागातल्या शिबिरांनंतर १३ महिला दगावल्या. मेलेल्यांत दलित, आदिवासी आणि मागास जातींच्याच बाया होत्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात तीन वर्षांत ही शिबिरे बंद करण्याचे निर्देश दिले.

आम्ही संततिनियमनाच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट सांगतो. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला होता. तो फेटाळला गेला. पण त्या प्रस्तावामागे स्त्रीच्या आरोग्याचा आणि तिच्या इच्छेचा विचार होता. नंतरच्या शिबिरांमागे उद्दिष्टाचा आकडा होता. त्या आकड्यात बाई एक नग ठरली.

आता संशोधनाकडे येऊ. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवर जगभर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला. जुन्या मोठ्या चिरेच्या तुलनेत लॅपरोस्कोपीने रुग्णालयातला मुक्काम सुमारे ३ दिवसांनी आणि पूर्ण बरे होण्याचा काळ सुमारे २२ दिवसांनी कमी होतो, असे त्यात दिसले. २२ दिवस! पगारी रजा असलेल्याला हा आकडा सोयीचा वाटेल. द्राक्षबागेत नाहीतर कांद्याच्या खळ्यावर रोजाने जाणाऱ्या बाईसाठी तो घर चालण्याचा प्रश्न आहे. रोज ३०० रुपये धरले तरी ६,६०० रुपये होतात. म्हणजे या तंत्राची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्याच्यापर्यंतच ते सर्वांत शेवटी जाते. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा मुद्दा हाच होता. कष्टकरी बाईच्या विश्रांतीची किंमत तिने एकटीने का मोजायची?

पण 'दुर्बीण म्हणजे उत्तम' अशी अंधश्रद्धाही नको. इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे २०० रुग्णांवर झालेली एक चाचणी १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. लॅपरोस्कोपी आणि साध्याच पद्धतीची पण लहान चिरेची शस्त्रक्रिया यांची तिच्यात तुलना होती. कोणाची कोणती शस्त्रक्रिया झाली हे कळू नये म्हणून सर्वांच्या पोटावर सारखीच पट्टी बांधली. निष्कर्ष असा की मुक्काम आणि बरे होणे यांत फरक पडला नाही; उलट लॅपरोस्कोपीला वेळ जास्त लागला. याचा अर्थ, यंत्र नसलेल्या ग्रामीण रुग्णालयातही चांगल्या हाताच्या सर्जनने लहान चिरेतून केलेले काम कमी दर्जाचे ठरत नाही. तिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ मात्र हवा. पद रिकामे ठेवून तंत्राला दोष देणे ही लबाडी आहे.

दुसरे उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे. हा मुख्यतः गरीब बायांचा आजार. २०१८ मध्ये ६३१ महिलांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहण्याचे प्रमाण मोठ्या चिरेच्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर लहान छिद्रांच्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के होते. हे कळले, कारण रुग्णांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला गेला. टाके काढले आणि फाइल बंद केली असती तर उलटाच निष्कर्ष निघाला असता.

आपल्याकडे फाइल केव्हा बंद होते? पदव्युत्तर विद्यार्थ्याला ठरलेल्या मुदतीत प्रबंध द्यायचा असतो. 'लॅपरोस्कोपिक विरुद्ध ओपन' हा त्यातला नेहमीचा विषय. तक्त्यात शस्त्रक्रियेचा वेळ, रक्तस्राव, वेदनेचे गुण, मुक्कामाचे दिवस आणि जखमेतला जंतुसंसर्ग येतो. पण लॅपरोस्कोपीनंतर होणारा एक चिवट संसर्ग आहे. क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पण वेगळे असे जंतू छिद्राच्या जागी वाढतात. जखम भरलेली दिसते आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ येते, पू येतो. मग महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते. सातव्या दिवशी पाठपुरावा संपवणाऱ्या प्रबंधात असा रुग्ण 'बरा झाला' म्हणून नोंदला जातो. सुरगाण्याचा माणूस ऐंशी-नव्वद किलोमीटरवरून पुन्हा येत नाही. तो आला नाही म्हणजे बरा झाला, असे गृहीत धरणे हे शास्त्र नव्हे.

हा संसर्ग मुख्यतः उपकरणे नीट निर्जंतुक न केल्याने आणि ती साध्या नळाच्या पाण्याने धुतल्याने होतो. ती नळीसारखी बारीक उपकरणे सुटी करून, घासून, धुऊन जंतुनाशक द्रावणात कोण ठेवते? बहुतेक ठिकाणी कंत्राटी कामगार. त्यांत आपल्याच समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. ना नीट प्रशिक्षण, ना नोकरीची हमी, ना पुरेसे हातमोजे. शस्त्रक्रियेचे यश त्यांच्याही हातावर अवलंबून असते. यश आले तर शोधनिबंधावर सर्जनचे नाव येते. संसर्ग झाला तर मात्र बोट सफाई कामगाराकडे दाखवले जाते.

इथे हमखास आक्षेप येतो: 'रोगाला जात नसते, डॉक्टरच्या हत्याराला जात नसते, तुम्ही यातही जात आणता.' हत्यार जात विचारत नाही, मान्य. पण त्या टेबलापर्यंत कोण पोहोचणार, हे गाव, जमीन, मजुरी आणि जात मिळून आधीच ठरवतात. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचे निवेदन ठेवले. सरकारी शाळा कागदावर सर्वांना खुल्या होत्या. बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांचे आकडे समाजगटांनुसार वेगळे केले, आणि 'सर्वांना खुले' या शब्दांमागचे वास्तव उघडे पडले. आज रुग्णालयेही सर्वांना खुली आहेत. राज्याच्या आरोग्य योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. नाव फुल्यांचे आहे, तर हिशेबही फुल्यांच्या नजरेने व्हायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण अनुसूचित जाती-जमातींची आकडेवारी वेगळी देते. ते जातीयवाद ठरत नाही, मग सर्जरीच्या प्रबंधातच ते का ठरावे?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे प्रबंध याच विद्यापीठाकडे येतात. म्हणून मागणीही नाशिकमधूनच व्हायला हवी:

१. पोटाच्या शस्त्रक्रियेवरच्या प्रत्येक प्रबंधात रुग्णाचा समाजगट, व्यवसाय, तालुका, रुग्णालयापर्यंतचे अंतर आणि बुडालेली मजुरी यांची नोंद सक्तीची करा. नाव गुप्त ठेवा, आकडा उघड करा.

२. पाठपुरावा किमान तीन महिन्यांचा असावा. रुग्ण येऊ शकत नसेल तर आशा सेविकेमार्फत, तिला त्या कामाचे पैसे देऊन, माहिती घ्या.

३. ज्यांची लॅपरोस्कोपी होऊ शकली नाही त्यांचीही नोंद हवी. यंत्र बंद होते, वायू नव्हता की भूलतज्ज्ञ नव्हता?

४. उपकरणे धुणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण, संरक्षण आणि कायम नोकरी द्या.

५. वायूशिवाय, पोटाची भिंत उचलून धरून, कमरेतून भूल देऊन करायची लॅपरोस्कोपी आपल्या देशातल्या ग्रामीण सर्जननी वापरून दाखवली आहे. पेठ-सुरगाण्यात ती शक्य आहे का, यावर इथल्या विद्यापीठाने संशोधन करावे.

आपल्या समाजातली मुले-मुली आज सर्जरीच्या पदव्युत्तर वर्गात आहेत. त्यांना माझे थेट सांगणे आहे. प्रबंधाचा तक्ता आखताना दोन रकाने वाढवा. गाइड विचारतील कशाला, तेव्हा १९२८ चे ते निवेदन त्यांच्यापुढे ठेवा.

जय भीम!