धोतर पांढरं, चेहरा काळा

त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोरची दीपमाळ लागली आणि चहूबाजूंनी फ्लॅश उडायला लागले. माझा फ्लॅशवर जुना राग आहे. यंदा तो अनावर झाला. पणत्यांचा तो पिवळा, थरथरता उजेड आणि त्यावर हा पांढरा भपकारा! अंधार राहू दिला तरच दिवे दिसणार ना?

शेजारी कॉलेजातला एक मुलगा आत्याचा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन उभा होता. हे छोटे कॅमेरे पोरं पुन्हा कपाटांतून बाहेर काढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. "काका, दिवे येतच नाहीत. पुढची माणसंच पांढरीफटक येतात." येणारच. असल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम ३-४ मीटर पोचतो आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हटलं, "फ्लॅश बंद कर. आयएसओ १०० वर आण. कॅमेरा कठड्यावर टेकव आणि २ सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बोटाचा हिसका बसायचा नाही. बटण आधी अर्धं दाब, फोकस जुळला की पूर्ण." तरी ज्योतींचे नुसते पांढरे ठिपके येत होते. अधिक-उणे चिन्हाच्या बटणानं उजेड एक पायरी खाली आणला, तेव्हा कुठे दिवे दिव्यांसारखे दिसले.

मग त्यानं मागचे फोटो दाखवले. वारीतले त्याचे आजोबा, प्रत्येक फोटोत काळेठिक्कर. "हे का असं होतं, काका?"

दीपमाळ राहू द्या, हा प्रश्न मोठा आहे. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्यावर आणून बसवतो. काळोख दिसला की तो उजळवतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मागे आषाढाचं ढगाळ आभाळ दिसलं की सगळंच दाबतो. धोतर मळकं होतं आणि उन्हातान्हात रापलेला चेहरा पार बुडतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी गेलेला माणूस, आणि त्याचे डोळे त्याच्याच नातवंडांना फोटोत दिसू नयेत? घरोघरी असे फोटो आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण उपाय इतका सोपा आहे. तेच बटण, पण आता अधिकच्या बाजूला. बहुतेक कॅमेऱ्यांत तीनदा दाबलं की एक पायरी होते. आभाळ पांढरं पडलं, धोतराची एखादी चुणी हरवली, तर हरवू द्या. भर दुपारी टोपीची सावली डोळ्यांवर पडते, तेव्हा आजोबांना झाडाखाली घ्या.

चेहरा दिसू देणं वेगळं आणि गोरा करणं वेगळं. कित्येक स्टुडिओंत प्रिंट काढताना न विचारता माणसं गोरी केली जातात. आमच्या एका काकूंचा फ्रेम केलेला फोटो असाच आहे. गुळगुळीत, गुलाबी, आणि कुणा तिऱ्हाईत बाईचा वाटावा असा. हा रोग जुना आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक नमुन्याची छायाचित्रं पाठवी, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यांत वर्षानुवर्षं गोऱ्या स्त्रियाच असत. सावळ्या त्वचेचं काय, हा विचार फार उशिरा झाला. आता फिल्म गेली, पण कॅमेऱ्यांत त्वचा गुळगुळीत करणारा 'ब्यूटी मोड' आला. तो बंद करा. सुरकुत्या हव्यात, गोंदण हवं, रंगही आहे तोच हवा.

आषाढीला अजून वेळ आहे. तोवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाउजेडी खिडकीजवळ बसवा आणि एक नीट फोटो काढा. ४ बाय ६ इंची प्रिंटला २ मेगापिक्सेल पुरतात, तेव्हा आत्याचा जुना कॅमेरासुद्धा चालेल. आणि प्रिंटला देताना काउंटरवर स्पष्ट सांगा, चेहऱ्याला हात लावायचा नाही.