पेटीला काय कळतं?

रेडिओचे सेल उन्हात वाळवण्याचा उद्योग ज्याने केला नाही, असा पन्नाशीपुढचा माणूस आपल्या भागात सापडणे कठीण. आमच्या भालकी तालुक्यातल्या घरी माळवदावर पापड, कुरडया आणि त्यांच्या कडेला सेल, असा थाट असे. उन्हाने सेल थोडा तापतो, आतली क्रिया तेवढ्यापुरती वाढते आणि तासभर गाणी ऐकून होतात. पण ते चार्जिंग नव्हे. साध्या सेलचे पत्र्याचे भांडे जस्ताचे असते आणि आपण सेल वापरतो तसतसे तेच झिजत जाते. जुन्या सेलमध्ये त्या जस्ताच्या जोडीला नवसागर असे. ही जोडी बीदरकरांना परकी नाही. बिदरीचे भांडे जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात आणि किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने काळे करतात. भांड्यावर ती जोडी शोभा आणते, सेलमध्ये मात्र जस्त खाऊन टाकते. म्हणून साधा सेल चार्ज करू नये. तो गळतो, कधी फुटतोही.

हे मला उशिरा कळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही भांडी फळीवरून खाली आली, सगळे गाव अंगणात. माझी थोरली बहीण उमरगा तालुक्यात दिलेली. दिवसभर रेडिओभोवती माणसे बसून होती. गावांची नावे सांगितली जात होती आणि नेमक्या त्या वेळी आवाज बारीक होत होत बंद पडला. वडिलांनी सेल काढून तळहातांत चोळले, चुलीजवळ धरले. रेडिओ काही बोलला नाही. दुकाने बंद. बहीण सुखरूप असल्याचा निरोप तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने आणला. ते दोन दिवस आई जेवली नाही.

त्या दिवाळीनंतर मी हैदराबादहून निकेल-कॅडमियमचे चार पेन्सिल सेल आणले. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. चार्जर घेण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून पेटी घरीच केली. सागवानी फळीच्या तुकड्यावर विजेच्या फिटिंगचा उभा चिरलेला पाइप बसवला. पेन्सिल सेल सुमारे ५० मिलिमीटर लांब, म्हणून दोन टोकांत त्याहून थोडे कमी अंतर ठेवले. उणे टोकाला आधी बॉलपेनची स्प्रिंग लावली. ती बारीक, गंजणारी, नीट चिकटेना. मग जुन्या बॅटरीच्या झाकणातली स्प्रिंग आणि मोडक्या प्लगची पितळी पट्टी लावली, तेव्हा काम झाले. खरे सांगायचे तर पेटीचे सगळे मर्म या टोकांत आहे. सेल सैल बसला की रात्रभर वाट पाहूनही सकाळी हाती काही नाही.

हिशेब सोपा होता. सेलची क्षमता ६०० मिलिअँपिअर-तास. तिचा दहावा भाग, म्हणजे ६० मिलिअँपिअर, चौदा ते सोळा तास द्यायचे. चार सेल एकापुढे एक, १२ व्होल्टचा अडाप्टर आणि मध्ये १०० ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर. एकदा एक सेल मी उलटा घातला आणि तो कायमचा गेला. मुलीने आईच्या करंड्यातल्या कुंकवाने अधिकचे चिन्ह काढून दिले. ते पुसले, तेव्हा तिने नखं रंगवायची बाटली आणली. तो लाल रंग आजही पेटीवर आहे. सेल कितीदा बदलले, पेटी तीच.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात रात्री जेवणे आटोपली आणि नातवाच्या खोलीतून गरम प्लॅस्टिकचा वास आला. पाहतो तर पोराने बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढलेले. माझ्या पेटीवरून माप घेऊन मोठी पेटी केलेली. स्प्रिंग घट्ट, पितळी पट्टी चकचकीत, अधिकचे चिन्हसुद्धा लाल. अडाप्टर आणि रेझिस्टर माझेच. मी आधी प्लग काढला. सेल हाताला चटका देत होता. मग तो अंगणात, वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवला.

‘‘आजोबा, तुमचं तर चालतं ना?’’ त्याने विचारले.

चालते, कारण माझे सेल वेगळे. निकेलचा सेल मंद चार्जवर दोन-चार तास जास्त राहिला तर कोमट होतो, एवढेच. लॅपटॉपमधला लिथियमचा. तो ४.२ व्होल्टला थांबलाच पाहिजे, नाहीतर तापत जाऊन पेट घेतो. माझ्या पेटीत थांबवणारे कोणी नाही. सोळा तासांनी प्लग काढायला उठणारा मी, एवढीच तिची सुरक्षा.

मी रागावलो नाही. चूक निम्मी माझी होती. पेटी कशी करायची हे मी त्याला हौसेने दाखवले होते, कोणासाठी करायची नाही हे सांगायचे राहिले. पेटीला काय कळतं? घालाल तो सेल ती धरून ठेवते. विचारायचे असते ते माणसाने.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो. आपोआप थांबणारा लिथियमचा चार्जर आणि नवा सेल घेतला. लॅपटॉपमधले सेल जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्याकडे दिले, उकिरड्यावर टाकले नाहीत. निकेल-कॅडमियमचे सेलही असेच द्यावेत. कॅडमियम विषारी आहे, शेतात पुरले तर तिथेच राहते.

घरी आल्यावर नातवाने नखं रंगवायची बाटली मागितली. म्हटले आता काय? त्याने माझ्या जुन्या पेटीवर अधिकच्या चिन्हाखाली बारीक अक्षरांत लिहिले : फक्त निकेल. ही ओळ मीच तीस वर्षांपूर्वी लिहायला हवी होती.