क्वांटम चावी : ‘कधीच फुटत नाही’ असं वहीत लिहून देऊ नका



फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किमीहून जास्त अंतरावर, साध्या व्यापारी फायबर केबलमधून क्वांटम चावी पाठवून दाखवली. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटींची मंजुरी मिळाली. म्हणजे आता सामान्य ज्ञानात हा प्रश्न येणारच. पण ‘ही चावी फोडता येत नाही’ एवढं एक वाक्य पाठ करून घेणं मला पटत नाही. त्यापेक्षा वर्गात खेळ घ्या.

पाठवणाऱ्या मुलीने दोन नाणी उडवायची. एकावरून आकडा, ० की १; दुसऱ्यावरून पद्धत, उभी की तिरकी. घेणाऱ्यानेही नाणं उडवून आपली पद्धत ठरवायची. जुळली तर चिठ्ठीतला आकडा लिहायचा, नाही तर आणखी एक नाणं पडेल तो. शेवटी दोघांनी फक्त पद्धती मोठ्याने सांगायच्या आणि न जुळलेले आकडे खोडायचे. ४० चिठ्ठ्यांतले साधारण २० उरतात.

आता मधे चोर बसवा. तोही पद्धत नाण्यानेच ठरवणार, हाती लागेल तो आकडा पुढे पाठवणार. उरलेल्या २० पैकी सुमारे ५ आकडे चुकतात. थोडे आकडे उघड करून ताडून पाहिले की चोर सापडतो, आणि ती चावी टाकून द्यायची. बेनेट आणि ब्रासार यांची १९८४ ची रीत हीच, फक्त चिठ्ठीऐवजी प्रकाशाचा एकेक कण.

मुलं लगेच विचारतात, “गुरुजी, अर्धे आकडे वायाच गेले की!” बरोबर आहे. शिवाय १०० किमी केबलमधून शंभरातला जेमतेम एक कण पोचतो. म्हणून शास्त्रज्ञ एक पद्धत जास्त वेळा वापरतात, जुळणी वाढते. दुसरी मात्र चोर पकडण्यापुरती ठेवावीच लागते. लेसरमधून कधी दोन कण सुटतात, त्यातला एक चोर गुपचूप ठेवून घेऊ शकतो. म्हणून मधूनमधून कमी-जास्त तेजाचे फसवे झोत सोडतात.

आणि पलीकडे बोलणारा खरा कोण, हे ही चावी स्वतःहून सांगत नाही. त्याची ओळख आधी पटवावी लागते. आपल्या पेठमधल्या आई-बापांना शिष्यवृत्तीच्या नावाने फोन करून ओटीपी मागणाऱ्यापुढे प्रयागराजची केबल काय करणार? खेळाच्या दुसऱ्या फेरीत घेणाऱ्याच्या जागी चोरालाच बसवा, पाठवणारीच्या डोळ्यांवर रुमाल बांधा, आणि ती पहिला प्रश्न काय विचारते ते बघा.