फाटकाबाहेरची गोळी

सातवीतली पोर ऑफिसातल्या सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ताप १०३. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, बापाचा फोन फडात लागेना, आजीकडे फोनच नाही. प्रथमोपचार पेटीत कापूस, पट्टी, आयोडीन. तापाची गोळी नाही; शिक्षकाने स्वतःच्या मनाने ती द्यायची नाही, असं आम्हाला बजावलेलं आहे. मी कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसलो.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या जिल्हा परिषद शाळेला नर्स नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला काय हवं याची यादी दिली: वर्गखोल्या, संडास, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. आजारी मुलाकडे बघणारं जाणतं माणूस त्या यादीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात नर्स असते. पथक मुलांना मन लावून तपासतं, कार्ड भरतं, गरज पडली तर मुलाला पुढे पाठवायला सांगतं. पण ते शाळेत येतं वर्षातून एकदा.

जंतनाशक दिनाला ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल वर्गातल्या पोरांना मीच चावून खायला लावतो. लोहाची निळी गोळी दर आठवड्याला मीच देतो. तेव्हा माझ्या हातावर सरकारचा विश्वास असतो. गावातल्या आशा कार्यकर्तीच्या, आमच्या आशाताईच्या, पेटीत पॅरासिटामॉल असते; हीच पोर घरी तापली असती, तर ती गोळी नियमाने मिळाली असती.

नियमामागचं कारण मला मान्य आहे. मुलांना ही गोळी वजनावर द्यायची असते, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. अंदाजाने जास्त गेली तर यकृतावर बेततं. म्हणूनच मला सूट नको, नर्स हवी. निदान शाळांच्या दर केंद्राला एक. तिने काय करायचं ते कागदावर लिहा: पालकांची संमती जूनमध्येच घ्यायची, ताप-जुलाबाची प्राथमिक औषधं द्यायची, जखम धुवायची, साप चावला तर पोराला थेट रुग्णालयात न्यायचं. काय करायचं नाही तेही लिहा: मनाने अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही. असा कागद नसेल, तर जबाबदारी टाळायची एवढाच नियम उरतो आणि तो पोरांवर शेकतो.

त्या दिवशी शेवटी आशाताईला बोलावलं. शाळेत गोळी दिली आणि काही झालं तर आपल्यावर येईल, म्हणून तिने पोरीला हाताला धरून उठवलं, फाटकाबाहेर लिंबाखाली नेलं आणि तिथे गोळी दिली. तेवढं चालतानाही पोर दोनदा खाली बसली.