औषध कीं दुसरें व्यसन?

बल्लाळेश्वराच्या दर्शनास पालीस आलेले जुने विद्यार्थी या वृद्ध मास्तराच्या ओटीवर क्षणभर टेकतात. दोन वर्षांपूर्वीं असाच एकजण आपल्या चिरंजीवास घेऊन आला. मुलास मुंबईंत गर्दाचें व्यसन जडलें होतें. डॉक्टरांनीं रोज जिभेखालीं ठेवावयाची गोळी सुरू केली होती. "गुरुजी, ही गोळीहि अफूच्याच जातीची. एक सुटली, दुसरी लागली; यांत साधलें काय?" बाप कळवळून म्हणाला. मीं मान डोलावली व मुलास मनोनिग्रहाचा उपदेश केला. गोळी बंद झाली. तीन महिन्यांनीं मुलगा पुन्हां गर्दाकडे वळला आणि बेशुद्ध सांपडला. दैव बलवत्तर म्हणून वांचला. तो उपदेश मला अद्याप टोंचतो. हा लेख त्याचें प्रायश्चित्त होय.

बापाचें म्हणणें एका अर्थीं खरें होतें. गर्द म्हणजे भेसळीचें हेरॉइन, तें अफूपासून होतें. आणि त्या गोळींतील ब्यूप्रेनॉर्फिन हें औषधहि अफूंतील थेबाइन या द्रव्यापासूनच करितात. परंतु गुण निराळा. मेंदूंत जेथें हेरॉइन चिकटतें तेथेंच हें औषध जाऊन बसतें व दीर्घकाळ टिकतें. मात्र त्याचा परिणाम एका मर्यादेपुढें सहसा वाढत नाहीं. त्यामुळें तळमळ शमते, नशेचे हेलकावे थांबतात आणि मनुष्य कामधंद्यास लागूं शकतो. मेथॅडोन हें याच वर्गांतलें दुसरें औषध. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं दोहोंस अत्यावश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. नाल्ट्रेक्झोन मात्र वेगळें : तें अफूचा परिणामच अडवितें, आणि शरीर अफूमुक्त झाल्यावरच सुरू करावें लागतें.

गोळी अवचित सोडण्यांत खरा धोका असा कीं, शरीराची संवय मोडलेली असते. पूर्वीं पचणारी गर्दाची मात्रा आतां श्वास बंद पाडूं शकते. अहितकर संवय एकदम न तोडतां क्रमाक्रमानें सोडावी, असें चरकाचार्य सूत्रस्थानांत सांगतात. आयुष्यभर संस्कृत शिकविणाऱ्या मला तेवढें आठवूं नये, याची लाज वाटते. हा क्रम केव्हां आरंभावा, कीं औषध वर्षानुवर्षें चालू ठेवावें, हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें.

औषध म्हणजे सर्वस्व, असेंहि नव्हे. पुण्यांत गर्दाचा सुळसुळाट झाला तेव्हां, १९८६ सालीं, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्यानें मुक्तांगण उभारलें. व्यसनी मनुष्याला धिक्कार नव्हे, माणसें हवीं असतात, हें त्या कार्यानें महाराष्ट्रास दाखविलें.

तो मुलगा आज पुन्हां गोळी घेतो आणि नोकरी करितो. त्याची आजी मधुमेहाची सुई टोंचून घेते, तिला कोणी व्यसनी म्हणत नाहीं. वाचकहो, आपल्या घरीं असा प्रसंग आल्यास मुलाची गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं नका. सांगणारा वडीलधारा असो, वा त्याचा जुना मास्तर असो.