सुमारे ९१४.४ मीटर

कडेकपारी / वाटाड्या

गेल्या रविवारी कळसूबाईच्या माथ्यावर दोन फोन भांडले. माणसं त्यांच्यानंतर. देवळाच्या मागे वाऱ्याला आडोसा धरून कॉलेजची पाच-सहा पोरं बसली होती. एकाच्या फोनवर उंची दिसत होती ५४०० फूट, दुसऱ्याच्या फोनवर १५८२ मीटर. दुसऱ्याने तिथल्या तिथे गुणाकार केला, ५१९० फूट आले. म्हणजे मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांत दोनशे दहा फुटांचं अंतर! "तुझं सेटिंग फुटांचं आहे म्हणून घोळ होतोय, मीटरवर टाक," दुसरा म्हणाला. टाकलं. १६४६ आले. घोळ जागच्या जागी. मग माझे पिकलेले केस बघून त्यांनी मला निवाड्याला ओढलं. "काका, तुम्ही सांगा, डोंगर फुटांत मोजायचा की मीटरमध्ये? फूट म्हणजे इंग्रजांचं ना?"

मी काकडी खात होतो. वाटेतल्या टपरीवर घेतलेली, तिखटमीठ लावलेली. तोंडात काकडी असताना निवाडा देऊ नये असा माझा नियम आहे, म्हणून तो इथे देतो.

आधी इंग्रजांचं बघू. कायद्याने आपण मीटरवाले झालो ते १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने. पुढच्या काही वर्षांत शेर गेला, मण गेला, मैल गेला. सर्वेक्षण खात्याच्या 'एक इंची' नकाशाची जागा पन्नास हजारी नकाशाने घेतली, पन्नास फुटांच्या समोच्च रेषा जाऊन वीस मीटरच्या आल्या. हे झालं कागदावर. पावसाळ्यात कोल्हापूरला जाऊन पाहा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोचली की इशारा, ४३ फुटांना धोका. तिथे कुणाला 'पाणी १३.१ मीटरवर आलंय' असं सांगितलंत तर तो पुन्हा चहाला बसेल; 'त्रेचाळीस' म्हणा, गोठ्यातली जनावरं सुटायला लागतील. पोरगा किती वाढला? पाच-दहा. विहीर किती खोल? सात परस. आणि दिवस किती वर आला हे अजून कासऱ्याने मोजणारी माणसं आहेत. जीभ काही राजपत्र वाचून बोलत नाही.

पण म्हणून मी फुटासाठी गळा काढणाऱ्यांपैकी नाही. कुठला फूट, हा प्रश्न आहेच. इंग्लंडचा फूट, अमेरिकेचा फूट आणि आपल्या सर्वेक्षण खात्याचा 'इंडियन फूट' हे एकमेकांपासून केसभर वेगळे होते. १९५९ मध्ये सहा देशांनी बसून ठरवलं की फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. थोडक्यात, तेव्हापासून फूट हा मीटरच्याच घरात भाड्याने राहतो. त्यातही अमेरिकेच्या मोजणीदारांनी आपला जुना फूट सोडला नाही. तो निवृत्त झाला २०२२ च्या अखेरीस. या दोन फुटांतल्या फरकाने एव्हरेस्टच्या उंचीत किती फरक पडावा? पाऊण इंचाच्या आत. त्यामुळे हे भांडण विज्ञानाचं आहे असं कुणी सांगू लागलं तर मी विषय बदलतो. भांडण आहे ते गोल आकड्यांचं.

एव्हरेस्टचंच घ्या. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला ते तेव्हा 'पीक पंधरा' म्हणून माहीत होतं. सपाटीवरच्या सहा ठिकाणांहून घेतलेले कोन, हवेतून वाकणाऱ्या प्रकाशाचा हिशेब, आणि मुख्य गणक राधानाथ सिकदर यांची आकडेमोड. सरासरी निघाली म्हणे बरोब्बर २९,००० फूट. आता एवढा खटाटोप करून जर आकडा तीन शून्यांचा आला, तर लोक म्हणणार यांनी अंदाजपंचे ठोकून दिलंय. म्हणून सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी वर दोन फूट चढवले आणि १८५६ मध्ये २९,००२ जाहीर केले, अशी गोष्ट सांगतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिले पाय, अर्थात दोन फूट, वॉसाहेबांनी ठेवले हा विनोदही तेवढाच जुना.

मला या गोष्टीत वेगळीच गंमत दिसते. सर्वेक्षणाची साखळी शंभर फुटांची होती. १८०२ मध्ये मद्रासला विल्यम लँबटनने ती जमिनीवर ताणली आणि तिच्या मागोमाग तो वीस वर्षं उत्तरेला सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटात गेला, तिथेच त्याची कबर आहे. समजा ही साखळी मीटरची असती. तर तोच पर्वत, तेच कोन, तीच सरासरी, आणि उत्तर आलं असतं ८८३९.२ मीटर. इतका काटेकोर दिसणारा आकडा, की वॉसाहेबांना त्यात मीठ घालायचं कारणच पडलं नसतं. संशय डोंगराचा नव्हता, साखळीचाही नव्हता. संशय होता त्या तीन शून्यांचा.

हीच शून्यं दुसरीकडे देवळं बांधतात. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली ३००० फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. आज त्या डोंगरांना 'मन्रो' म्हणतात, सध्या ते २८२ आहेत आणि ते सगळे चढण्यात माणसं आयुष्य घालवतात. खुद्द मन्रोसाहेब यादी पुरी न करताच गेले. ब्रिटनचे सरकारी नकाशे १९७० च्या दशकात मीटरवर आले. तेही कसे, तर पन्नास फुटांच्या जुन्याच समोच्च रेषांवर १५, ३०, ४६, ६१, ७६ असे मीटर चिकटवून! तर या नव्या हिशेबात मन्रोची रेषा झाली ९१४.४ मीटर. तिच्यावर कुणाची श्रद्धा बसणार? मग हजार मीटरची नवी रेषा का आखत नाही? कारण तसं केलं तर निम्म्याहून अधिक मन्रो घरी जातील आणि हजारो लोकांच्या वह्यांतल्या खुणा पुसल्या जातील. रेषा फुटांचीच राहिली, मोजणी मात्र मीटरची. त्यातून २०१२ साली बेन अ ख्लाइव्ह, म्हणजे 'तलवारीचा डोंगर', यादीतून गळला. नव्या मोजणीत तो भरला ९१३.९६ मीटर. कमी किती? ४४ सेंटिमीटर. आपल्या जुन्या मापात एक हात, तोही जरासा आखूडच. उलट वेल्समध्ये २००८ साली मनिथ ग्राइग गोख नावाच्या टेकाडाला बढती मिळाली. नकाशात ते ६०९ मीटर होतं. काही हौशी मंडळींनी यंत्रं वर नेऊन मोजलं तर ६०९.७५ निघालं, म्हणजे २००० फुटांच्या वर सहा इंच. वीतभरसुद्धा नाही. पण वेल्समधल्या पर्वतांच्या यादीत नाव लागलं ते लागलं.

हसू येतं ना? थांबा. हिमालयात आपण सगळे हेच करतो.

८००० मीटरवरची चौदा शिखरं. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने मराठीत रुळवलेला शब्द 'अष्टहजारी'. २०१२ मध्ये एव्हरेस्ट, २०१९ मध्ये कांचनजुंगा, २०२१ मध्ये अन्नपूर्णा अशी त्यांची आठ अष्टहजारी झाली आणि प्रत्येक वेळी आपली छाती फुगली, माझीही. राइनहोल्ड मेसनर १९८६ मध्ये चौदा पूर्ण करणारा पहिला माणूस ठरला. पण हे चौदा आले कुठून? ८००० मीटर म्हणजे २६,२४७ फूट. फुटांत विचार करणाऱ्या कुठल्याही माणसाने २६,२४७ वर रेषा मारली नसती. त्याने ती २६,००० वर मारली असती. मग काय झालं असतं? चो ओयू आणि एव्हरेस्ट यांच्यामध्ये ग्याचुंग कांग नावाचं एक शिखर आहे, ७९५२ मीटर. जपानी गिर्यारोहक त्यावर १९६४ मध्ये पोचले. ते आत आलं असतं. अन्नपूर्णा दोन, ७९३७ मीटर, आत. गॅशरब्रम तीन आत. आणि गॅशरब्रम चार, जिथे १९५८ मध्ये वॉल्टर बोनात्ती आणि कार्लो माउरी चढले, जे भल्याभल्यांना अष्टहजारींपेक्षा अवघड वाटतं, त्याची नेहमी दिली जाणारी उंची आहे ७९२५ मीटर. २६,००० फूट म्हणजे ७९२४.८. वीस सेंटिमीटरने आत!

आज ग्याचुंग कांगच्या मोहिमेसाठी वर्गणी मागायला निघालात तर समोरचा पहिलं विचारेल, "अष्टहजारी आहे का?" नाही म्हटलं की पाकीट खिशात परत. ४८ मीटर कमी पडल्याची शिक्षा. आणि ते कमी पडले फ्रेंच राज्यक्रांतीने ठरवलेल्या मापात. लँबटनच्या साखळीने मोजलं असतं तर ते शिखर सन्मानाने पंगतीला बसलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक उंचीला एक मायबोली असते. कुठल्या मापात तो आकडा जन्मला ते ओळखावं आणि शक्यतो त्यातच सांगावा. दुसऱ्या मापात नेताना भाषांतराची अक्कल वापरावी. आपल्याकडे ही अक्कल वापरली जात नाही. एका किल्ल्याच्या पायथ्याशी मी स्वतः वाचलेली पाटी सांगतो, किल्ला कुठला ते सोडून द्या: 'उंची सुमारे ३००० फूट (९१४.४ मीटर)'. अरे, 'सुमारे'ला दशांश चिन्ह असतं का? फुटात ढोबळ असलेला माणूस कंसात शिरताच सोनाराचा काटा घेऊन बसला. तिथे ९०० लिहा, पोट भरतं. कळसूबाईची १६४६ ही उंचीही मला अशीच भाषांतरित वाटते. ५४०० ला ०.३०४८ ने गुणा, १६४५.९२ येतात. त्या दोन शून्यांवरून मूळ कुठलं आणि भाषांतर कुठलं याचा मी अंदाज करतो, पैज लावणार नाही.

पैज लावायची तर अलमट्टीवर लावीन. डोंगर नाही, धरण आहे, पण उंची समुद्रसपाटीपासूनचीच. कर्नाटकाला पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे आणि सांगली-कोल्हापूरला पुराची धास्ती आहे, हे आपण वर्षानुवर्षं वाचतो. मिलिमीटरपर्यंतचा आग्रह बघून मला वाटायचं, बापरे, काय सूक्ष्म अभ्यास असेल! एके दिवशी सहज भागाकार केला. ५२४.२५६ मीटर म्हणजे नेमके १७२० फूट. वर काही नाही, खाली काही नाही.

आता त्या दोन फोनांचं. त्यांच्यातला ६४ मीटरांचा फरक मापाचा नव्हताच, शून्याचा होता. उपग्रह उंची सांगतात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. समुद्र मात्र गुरुत्वाकर्षणाच्या मर्जीने वर-खाली असतो, आणि भारताच्या दक्षिणेला तर तो त्या आकाराच्या शंभराहून अधिक मीटर खाली दबलेला आहे. आपल्या बाजूला ही दबकी साठ-पासष्ट मीटरांची. काही फोन ती भरून काढतात, काही कोरा आकडा तोंडावर फेकतात. म्हणजे दोघंही खरे, फक्त एकाचा समुद्र वेगळा. एव्हरेस्टवरून चीन आणि नेपाळचं वाजलं तेही फुटांवरून नव्हे: चीनने २००५ मध्ये ८८४४.४३ सांगितले ते डोक्यावरचा बर्फ वगळून, खडकापर्यंतचे. २०२० च्या डिसेंबरात दोघांनी मिळून बर्फासकट ८८४८.८६ जाहीर केले. आणि माणसाच्या गुडघ्यांचं शून्य तर समुद्रावर नसतंच. हरिश्चंद्रगड पाचनईतून चढा आणि बेलपाड्यातून नळीच्या वाटेने चढा. पाटीवरचा आकडा एकच, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं कुठून गेला होतात ते.

काकडी संपल्यावर हे सगळं मी पोरांनाही सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. त्यांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या. "म्हणजे फूटही बरोबर, मीटरही बरोबर, फक्त कुठून ते सांगायचं," मीटरवाल्याने समारोप केला. मग सगळ्यांनी देवळासमोर उभं राहून फोटो काढला. मीटरवाल्याने खाली मान घालून त्यावर काहीतरी टाइप केलं. मी डोकावलो. 'कळसूबाई, ५४०० फूट.'

"का रे, मीटर कुठे गेले?"

"१६४६ कमी वाटतं हो काका," म्हणाला, आणि शिडीकडे निघाला.